खार, कुत्रं आणि उघडा धुरा

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात खारीबद्दलच्या तक्रारी नव्या नाहीत. उन्हाळ्यात ती ठिबकच्या नळ्या कुरतडते, हाती आलेलं फळ टोकरून खाली पाडते. त्यात आता पाखरांवर जीव असलेल्या लोकांची तक्रार मिळाली आहे. बुलबुलाच्या घरट्यातली अंडी सकाळी होती, दुपारी नाहीत. शिंप्याचं शिवलेलं पान फाटलेलं सापडलं. आणि झाडावर खार तर रोजच दिसते. मग आळ तिच्यावर येतो. परदेशातल्या बातम्या वाचणाऱ्यांना एक आधारही सापडतो. ब्रिटनमध्ये करड्या खारी कमी केल्या की बागेतले आणि जंगलातले पक्षी परत येतात, असं तिथले कितीतरी लोक ठामपणे सांगतात, त्यासाठी पिंजरे लावतात, बंदुका घेतात. आपणही बागेतल्या खारी पकडून लांब नेऊन सोडल्या तर?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाखरं कमी झाली आहेत आणि ती परत यावीत असं मनापासून वाटणारा माणूसच तो विचारतो. पण त्याचं उत्तर शोधायला एका झाडावरची एक खार बघून भागत नाही. कुणी कुठे कोणता प्राणी आवरला, त्यातून पाखरांचं काय झालं आणि आपल्याकडे घरट्यांवर खरं संकट कुणाचं आहे, असा सगळा पट मांडावा लागतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. वऱ्हाडात खारीला हात लावायचं कारण नाही. आवरायचंच असेल तर आपण वाढवलेल्या कुत्र्या-मांजरांना आवरावं, आणि आपण उघडा केलेला धुरा पुन्हा झाकावा.

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण वाद तिथला आहे. करडी खार मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. १८७६ साली चेशरमधल्या हेनबरी पार्कमध्ये ती सोडल्याची जुनी नोंद आहे. बागेची शोभा म्हणून ती आणली गेली आणि पुढची पन्नासेक वर्षं हौशी जमीनदार ती ठिकठिकाणी सोडत राहिले. ब्रिटनची स्वतःची तांबडी खार होती. करडीनं तिला जवळपास हुसकावून लावलं. एक तर करडी अंगानं मोठी आणि कच्ची फळं-बिया पचवणारी. दुसरं म्हणजे तिच्या अंगात असा एक देवीसारखा विषाणू असतो की तिला स्वतःला त्याचा फारसा त्रास नाही, पण तांबडी त्यानं काही दिवसांत मरते. करडी कोवळ्या झाडांची सालही सोलते, म्हणून तिथले वनवाले तिच्यावर खार खाऊन आहेत. १९३७ साली तिला आणणं आणि पाळणं बेकायदा ठरलं. १९५०च्या दशकात सरकारनं शेपटीमागे एक शिलिंग, नंतर दोन शिलिंग बक्षीस लावलं. लोकांनी शेपट्या आणून दिल्या, पैसे नेले, आणि खारी होत्या तेवढ्याच राहिल्या. १९५८ मध्ये योजना गुंडाळावी लागली.

असं का झालं, ते समजून घेतलं की अर्धा विषय उलगडतो. मोकळ्या मुलखात एका रानातल्या खारी मारल्या की तिथे जागा आणि खाणं शिल्लक राहतं. शेजारच्या रानातली तरुण पिढी, जिला एरवी जागा मिळाली नसती आणि जी बहुधा उपाशी मेली असती, ती त्या जागी येऊन बसते. म्हणजे मारणाऱ्यानं बऱ्याचदा एरवीही मरणाऱ्यांनाच मारलेलं असतं. संख्या खरोखर खाली आणायची तर आवक बंद करावी लागते, आणि आवक बंद करता येते ती बेटावर.

वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर हेच झालं. १९९८ मध्ये तिथे करड्या खारी पकडायला सुरुवात झाली. पंधराएक वर्षं काम नेटानं चाललं, पुलांवरून आणि अरुंद खाडीतून परत येणाऱ्या खारींसाठी पलीकडच्या काठावरही पिंजरे लागले, आणि २०१५ पर्यंत बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं. सुरुवातीला जेमतेम चाळीस उरलेल्या तांबड्या खारी सातशेच्या घरात गेल्या. हे मोठं यश आहे, पण ते तांबड्या खारीचं आहे. ते पाखरांच्या नावावर मांडता येत नाही.

पाखरांच्या बाबतीत ब्रिटिश पक्षिअभ्यास संस्थेनं, म्हणजे ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीनं, दीर्घकाळच्या गणनांचा हिशेब मांडून २०१० साली तो प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये करडी खार, मॅगपाय, ससाणे अशा भक्षकांची संख्या जिथे वाढली तिथे लहान पक्षी अधिक वेगानं घटले का, हे त्यात तपासलं होतं. बहुतेक जातींच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. करडी खार अंडी-पिलं खाते हे कुणी नाकारत नाही. पण घरटं लुटलं जाणं ही एक गोष्ट आणि त्यामुळे त्या जातीची संख्या घटणं ही वेगळी. इंग्लंडच्या रानात झुडपांचा खालचा थर हरणांनी चरून संपवला, शेतीची पद्धत बदलली, जुनी झाडं गेली. या सगळ्याचं ओझं खारीच्या पाठीवर टाकणं सोपं होतं, कारण ती दिसते.

आयर्लंडमधून आलेली एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. तिथे पाइन मार्टेन नावाचा मुंगसाएवढा झाडावर चढणारा शिकारी प्राणी संरक्षणामुळे पुन्हा वाढला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की आयर्लंडच्या मध्य भागात जिथे मार्टेन परतला तिथे करड्या खारी जवळपास नाहीशा झाल्या आणि तांबड्या परत आल्या. कुणी पिंजरा लावला नव्हता. एका शिकाऱ्याला जगू दिलं, एवढंच.

इटलीची कहाणी उलटी आहे आणि तीही लक्षात ठेवायला हवी. तिथे १९४८ मध्ये तुरीनजवळ करड्या खारीच्या दोन जोड्या सोडल्या गेल्या. १९९७ मध्ये, त्या अजून थोड्या भागात असताना, अभ्यासकांनी त्या काढून टाकायचा प्रयोग सुरू केला. प्राणिप्रेमी संघटना न्यायालयात गेल्या, काम थांबलं, आणि खटला संपेपर्यंत खारी आटोक्याबाहेर पसरल्या. परक्या मुलखात आलेला प्राणी लवकर आवरला नाही तर नंतर आवरत नाही, आणि अशा वेळी दयेनं केलेला उशीर तांबड्या खारीच्या मुळावर येतो. म्हणून ‘कोणत्याही प्राण्याला कधीच मारू नये’ ही भूमिका मला प्रामाणिक वाटली तरी पुरेशी वाटत नाही.

न्यूझीलंडनं तर २०१६ मध्ये जाहीर करून टाकलं, की २०५० पर्यंत उंदीर, स्टोट आणि पॉसम देशातून संपवायचे. तिथलं कारण पक्कं आहे. त्या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणीच नव्हता. तिथली कितीतरी पाखरं उडणं सोडून जमिनीवर राहायला लागली होती, आणि माणसाबरोबर आलेल्या उंदीर-मांजरांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. तरीही बेटावरसुद्धा एक दोरा ओढला की दुसरा सुटतो. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावरची मांजरं २००० सालापर्यंत संपवली, तर ससे वाढून त्यांनी डोंगरउतार बोडके केले. मग ससे, उंदीर, घुशी सगळंच काढावं लागलं, आणि ते काम २०१४ मध्ये पुरं झालं. चीनमध्ये १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून देशभर मारल्या गेल्या. किडींचा सुळसुळाट झाला आणि दोन वर्षांत चिमणीचं नाव यादीतून काढून तिथे ढेकणाचं नाव घालावं लागलं.

या जगभरच्या यादीत आपले, अगदी मोर्शीच्या अंगणातले प्राणीही आहेत. आपल्याकडची पाच पट्ट्यांची खार १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर सुटली आणि तिथे अजून आहे. साळुंकी १८६२ मध्ये किडी खाईल म्हणून मेलबर्नला नेली. आता ती तिथल्या पोपटांच्या ढोल्या बळकावते. मुंगूस १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकाच्या उसात उंदरांसाठी गेलं, तिथून १८८३ मध्ये हवाईला. मुंगूस दिवसा हिंडतं आणि उंदीर रात्री, त्यामुळे जमिनीवर घरटी करणारी पाखरं त्याच्या तावडीत सापडली. आपला घरकावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला कचरा साफ करायला नेला; आज पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो तिथल्या पाखरांची घरटी लुटतो. केनियाच्या वन्यजीव खात्यानं २०२४ मध्ये दहा लाख कावळे मारायची योजना जाहीर केली.

हेच प्राणी इथे मात्र आपल्या जागी आहेत. बुलबुल, शिंपी, सातभाई, दयाळ ही पाखरं खारीच्या, मुंगसाच्या आणि कावळ्याच्या सोबतीनं लाखो वर्षं घरटी करत आली. बुलबुलाच्या उघड्या वाटीसारख्या घरट्यांपैकी निम्म्याहून अधिक घरटी फसणं ही आपल्या हवामानात नेहमीची गत आहे. म्हणून तर बुलबुल एका हंगामात दोन-तीनदा घालतो, शिंपी पान शिवून घरटं लपवतो आणि सुगरण खोपा फांदीच्या टोकाला, शक्यतो पाण्यावर टांगते. आपली खार मुख्यतः फळं, बिया, कोंब, फुलांतला मध आणि किडे खाते. संधी मिळाली तर अंडंही खाते. पण त्याच घरट्यावर कावळा, टकाचोर, भारद्वाज, धामण, घोरपड, शिक्रा आणि मांजरही टपलेलं असतं. सकाळी होती आणि दुपारी नाहीत, अशा अंड्यांचा चोर बघणाऱ्याला बहुतेक वेळा दिसलेला नसतो. खार दिवसभर डोळ्यांसमोर असते, म्हणून नाव तिचं होतं. धामण काम उरकून गवतात गेलेली असते.

खार पकडून लांब सोडण्याचंही तसंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाच पट्ट्यांच्या खारीचं नाव चौथ्या अनुसूचीत होतं. म्हणजे १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती पकडणं हा गुन्हा ठरला. कायदा बाजूला ठेवला तरी रिकाम्या बागेत आठवडाभरात शेजारची खार येणार आणि लांब सोडलेली खार अनोळखी झाडावर दुसऱ्या खारीशी भांडत मरणार. ठिबकचा त्रास मात्र खरा आहे. चैत्र-वैशाखात तो पाण्यासाठीच होतो. बागेत दोन-चार ठिकाणी उथळ भांड्यांत पाणी ठेवणारे शेतकरी नळ्या वाचल्याचं सांगतात. एवढं तरी प्रत्येकाला करता येतं.

कावळ्याचा मुद्दा थोडा वेगळा आहे, कारण तो आपल्या उकिरड्यावर पोसला जातो. मूळ कायद्यात कावळा पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होता आणि त्याला मारायला मुभा होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. आता कोणताही प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारला वेगळी अधिसूचना काढावी लागते. हे मला योग्य वाटतं. कावळा मारला तर कोकिळा अंडं कुठे घालणार? तिचं पिल्लू कावळीच वाढवते, तसं पावशाचं पिल्लू सातभाई वाढवतात. कावळे जिथे फार झाले आहेत तिथे आधी हॉटेलमागचा आणि मटण मार्केटमागचा कचरा झाकला, तर बंदुकीपर्यंत जायची वेळ येत नाही.

मग पाखरं कमी का झाली? २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा विचार केला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के घटल्या. सर्वाधिक फटका मोकळ्या माळावरच्या, गवताळ रानातल्या पाखरांना आणि शिकारी पक्ष्यांना बसला. विजेच्या तारेवर एकेकाळी हटकून दिसणारा नीलकंठ तीस टक्क्यांहून अधिक घटला. अंडी खाणाऱ्या एखाद्या प्राण्यामुळे हे झालं असतं, तर ज्यांची घरटी खारीला सहज सापडतात ती बागेतली पाखरं आधी गेली असती. झालं उलट. जिथे खार फारशी जातच नाही त्या माळावरची पाखरं आधी गेली.

वऱ्हाडापुरतं बोलायचं तर मला सगळ्यांत मोठं नुकसान धुऱ्यावर दिसतं. पूर्वी दोन वावरांमधला धुरा चांगला पाच-सहा हात रुंद असे. त्यावर बोराटी, हिवर, बाभूळ, पळस, एखादी शिंदी, खाली कुसळी गवत. बुलबुल आणि सातभाई बोराटीच्या काट्यात, तितर आणि लावा गवताच्या बुडाशी, होला बाभळीवर, शिंपी वेलीत. काटा हाच त्यांचा पहारेकरी होता. मांजर त्यात शिरत नाही, कावळा वरून झेपावू शकत नाही, खारीलाही अंग ओरबाडून घ्यावं लागतं. मग जमिनीच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आला, जेसीबी आला आणि धुरा हातभर उरला. मजुरी परवडेना म्हणून निंदणाच्या जागी तणनाशक आलं आणि ते फवारताना धुराही जळू लागला.

अलीकडे यात झटका मशीनची भर पडली. रोही आणि रानडुक्कर यांनी शेतकरी खरोखर जेरीस आला आहे. राज्यानं २०१५ पासून परवानगीनं ते मारायची मुभा देऊनही त्रास संपलेला नाही. म्हणून सौर झटक्याच्या तारा वावराभोवती लागतात. पण तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि कमी होतो, म्हणून तारेखालची पट्टी स्वच्छ ठेवावी लागते, आणि स्वच्छ म्हणजे फवारून जाळलेली. डुकरासाठी लावलेल्या तारेनं लाव्याची घरट्याची जागा गेली. यात शेतकऱ्याचा दोष मी काढणार नाही. त्याला रात्रभर जागलीला बसायचं नसतं. पण तार धुऱ्याच्या मधोमध न लावता वावराच्या आतल्या अंगाला हातभर सरकवली तर बाहेरची बोराटी तशीच राहू शकते. कुंपणाला अनुदान देणाऱ्यांनी हे सांगायला हवं, आणि हातभर जमीन सोडणाऱ्याला त्याचा मोबदलाही द्यायला हवा.

विहिरींचं दुसरं. सुगरण खोपे विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला टांगते. खाली पाणी असलं की साप-मांजराची वाट बंद. मोर्शी आणि वरुड हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षं ओळखले जातात. उघड्या विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, काठच्या बाभळी तुटल्या. खोपा मग तारेला किंवा उसाच्या पात्याला टांगलेला दिसतो, जिथे कावळा आरामात पोचतो. त्या कावळ्याला हाकलून सुगरण परत येणार नाही. तिला पाण्यावरची फांदी हवी.

विषाचं तिसरं. पिलांना किडे लागतात, आणि कपाशी-सोयाबीन-संत्र्याच्या फवारणीत किडेच राहत नाहीत. थिमेट म्हणून शेतकऱ्यांना ठाऊक असलेलं फोरेट २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे, पण डुकरासाठी विष पेरायची सवय गेलेली नाही, आणि औषध लावलेलं बियाणं टिपून मोर मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पेरणीच्या काळात येत राहतात.

आता कुत्र्यांकडे येतो, कारण आवरायचा प्राणी इथे आहे. त्याची कहाणी गिधाडांपासून सुरू होते. १९९० च्या दशकात जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीचं गिधाड नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटलं. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, तेव्हा आकाश रिकामं झालं होतं. गावाबाहेर टाकलेली मेलेली ढोरं मग कुत्र्यांच्या वाट्याला आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं अंदाज मांडला, की या काळात देशातली कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली. वरून कोंबडीच्या दुकानांचा कचरा आणि लग्नसमारंभांचं उष्टं. गावात पोट भरलेली ही कुत्री वावरात, माळावर, धरणाच्या काठावर हिंडतात, आणि जमिनीवरचं घरटं त्यांना वासानंच सापडतं. २०१८ मध्ये भारतीय अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केल्याची नोंद आहे; त्यांतल्या ३१ जाती संकटग्रस्त आहेत.

खार आणि कुत्रं यांतला फरक इथे कळतो. खारीची संख्या झाडावर मिळणाऱ्या खाण्यावर ठरते आणि शिक्रा-धामण तिला मर्यादेत ठेवतात. कुत्र्याची संख्या आपल्या उकिरड्यावर ठरते. अंडी संपली तरी कुत्रं उपाशी राहत नाही, आणि म्हणून ते शेवटच्या घरट्यापर्यंत जाऊ शकतं. रानातल्या शिकाऱ्याला शिकार दुर्मीळ झाली की दुसरीकडे जावं लागतं. गावात जेवणाऱ्याला तशी गरज नाही.

उपाय काय? २००१ आणि पुढे २०२३ च्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्याची नसबंदी करून, लस टोचून त्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून जे दोन आदेश झाले, त्यांची सगळी चर्चा माणसांना होणाऱ्या चाव्यांभोवती झाली. तो त्रास मोठाच आहे. पण नसबंदी झालेलं कुत्रंही अंडी खातं, आणि माळावरच्या पाखरांची बाजू मांडणारा आवाज त्या चर्चेत फार क्षीण होता. घरटी असलेल्या माळांवर आणि पाणवठ्यांच्या काठांवर कुत्रं परत सोडू नये, एवढा अपवाद नियमांत असायला हवा असं मला ठामपणे वाटतं. कुत्री मारावीत असं मी म्हणत नाही. मारून जागा रिकामी केली तर खारीसारखीच तिथे दुसरी येतील. ढोरं पुरायची आणि दुकानांचा कचरा बंद डब्यात न्यायची व्यवस्था झाली, तरच संख्या उतरेल. मांजरांचंही हेच. अमेरिकेत २०१३ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे तिथली मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पाखरं मारतात. आपल्या घरची मांजर विणीच्या दिवसांत पहाटे आत ठेवणं काही अवघड नाही.

जिथे पाखरू अगदी हातातून निसटायला आलं आहे तिथे मात्र घरट्याभोवती थेट पहारा लागतो. राजस्थानात माळढोकासाठी कुत्री आणि डुकरं बाहेर ठेवणारी कुंपणं घातली आहेत. पण तिथेही सरकारी अंदाजाप्रमाणे जैसलमेर भागात वर्षाला सुमारे १८ माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात, म्हणजे कुंपण हा उपायाचा एक तुकडा. चंबळेच्या वाळूत घालणाऱ्या पाणचिऱ्यासाठी, इंडियन स्किमरसाठी, मुंबईच्या बीएनएचएसनं काठावरच्या गावकऱ्यांना घरट्यांचे रक्षक केलं. ते कुत्री, कोल्हे, गुरं दूर ठेवतात. त्या कामासाठी परवीन शेख यांना २०२५ चा व्हिटली पुरस्कार मिळाला. आपल्या विदर्भात गोंदियाच्या ‘सेवा’ संस्थेनं सारसाच्या घरट्यांची राखण धानाच्या बांधीतल्या शेतकऱ्यांवरच सोपवली. आणि अकोला-वाशीममध्ये कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेनं तणमोरासाठी फासेपारध्यांबरोबर काम केलं. तणमोर पावसाळ्यात गवतात येतो, नर गवतावर उड्या मारून मादीला जागा दाखवतो, आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. पारध्याला तो कुठे उतरतो, कधी घालतो हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ज्यांच्यावर शिकारीचा शिक्का होता त्यांनी गवताची राखण केली, आग आणि शिकार रोखली. पक्षी परत आणायच्या सगळ्या प्रयत्नांत मला हे काम सर्वांत मोठं वाटतं, कारण इथे दोषी शोधण्याऐवजी जाणकार शोधला गेला.

मोर्शीला हे सगळं लागू पडतं ते सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाशी. उन्हाळ्यात अशा जलाशयांचं पाणी उतरतं, बेटं आणि रेताड काठ उघडे पडतात, आणि नदी सुरय, टिटवी, आर्ली अशी पाखरं तिथे उघड्यावरच अंडी घालतात. नदी सुरयाला २०२० पासून जागतिक यादीत असुरक्षित जातींत धरलं आहे. त्याच वेळी त्या जमिनीवर गाळपेर चालते, डांगरवाड्या लागतात, गुरं पाण्यावर येतात आणि त्यांच्यामागे कुत्री. पाणी फार उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्र्याला पोहायचीही गरज उरत नाही. इथे खारीचा संबंधच नाही.

काय करता येईल, हे कठीण नाही. गाळपेरीचे पट्टे देतानाच फेब्रुवारी ते मे या काळात जिथे घरटी असतील तो तुकडा सोडायची अट घालावी आणि त्या तुकड्याचं भाडं माफ करावं. डांगरवाडीवर रात्री राखण करणारा माणूस तिथे असतोच. घरट्यांची राखण त्याच्याकडेच द्यावी. कंबोडियाच्या उत्तर भागात राखणदाराला रोज एक डॉलर, आणि पिलं उडून गेली तर रोजामागे आणखी एक डॉलर, अशी पद्धत चालली आणि तिथे घरटी वाचली. तशीच मजुरी इथे वन खात्यानं किंवा ग्रामपंचायतीनं दिली तर फार मोठी रक्कम लागत नाही. अमरावतीतल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आणि पक्षिमित्रांनी घरट्यांजवळ ट्रॅप कॅमेरे लावून किती घातली, किती फुटली, कुणी नेली याची नोंद ठेवावी. बागांतल्या घरट्यांचीही ठेवावी, म्हणजे खारीवरचा आळ एकदा तपासून होईल. ई-क्लासच्या जमिनीवर एखादा तुकडा चराईतून सोडून बोराटी वाढू द्यावी. तीन हंगामांनंतर सुरयाची पिलं कावळ्यांमुळेच जातात असं कॅमेऱ्यात दिसलं, तर कावळ्याचा विषय जरूर काढावा, पण तेव्हाही आधी जवळच्या गावाचा कचरा कुठे पडतो ते बघून यावं.